केदारखेडा, राजूर, जालना

मागच्या हिवाळ्यात लेकीकडं इंग्लंडला गेल्तो. पंधरा दिवस घरात बसून पार आंबून गेलो, तेव्हा एका रविवारी ती म्हणाली, "चला बाबा, आपल्या लोकांच्या वस्तीत जाऊ. तिथं मंदिर पण आहे."

बसमधून उतरलो आणि कढीपत्त्याचा वास आला. धुकं होतं, त्यातून एकेक दुकान हळूच वर येत होतं. साड्या, जिलब्या, कारल्याच्या पेट्या. कुणी पंजाबीत भाव करत होतं. बुरख्यातल्या एका बाईनं मला वाट दिली, "चाचा, पहले आप." क्षणभर मला उमजेना, मी कुठून कुठं आलोय.

मंदिर म्हणजे जुनं विटांचं चर्च. उंच रंगीत काचा तशाच ठेवलेल्या, त्यांचा निळा-तांबडा उजेड गणपतीच्या सोंडेवर पडला होता. खाली जाड गालिचा, कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. आरती संपली तरी मी हात जोडून उभाच. शेवटी लेकीनं दंडाला धरून तळघरात प्रसादाला नेलं.

समोर एक गुजराती गृहस्थ बसले होते, माझ्याहून बरेच म्हातारे. जन्म आफ्रिकेतला, तिथून इकडं आलेले. हिंदी आमची दोघांचीही मोडकीच.

"इंडिया कभी देखा नहीं," ते म्हणाले. "बचपन से आरती करता हूँ. आपके गाँव में सुबह कैसी होती है?"

काय सांगावं? मी जन्मभर एसटीत कंडक्टर. माझी सकाळ म्हणजे भोकरदनचं स्टँड. खिचडीची थाळी बाजूला सारली, उभा राह्यलो आणि हाळी दिली, "ए चलाऽ, केदारखेडा, राजूर, जालनाऽऽ! जल्दी बसा, गाडी सुटून राह्यली!"

तळघरातल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. "बाबा, खाली बसा ना!" लेक कुजबुजली.

पण ते गृहस्थ काठी टेकत उठले. "रुको, मेरे को भी आना है."

कुणी हसलं न्हाई. मी त्यांना भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं, म्हटलं, ही खिडकीची जागा. त्यांनी डोळे मिटले. मंग मी सांगत गेलो. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, नदीवरचा पूल, राजूरला टेकडीवरचं गणपतीचं देऊळ, तिथं हात जोडणारी अख्खी गाडी. त्यांनीही मिटल्या डोळ्यांनी हात जोडले. मधूनच विचारायचे, "अब क्या दिखता है?"

त्यांचा मुलगा न्यायला आला. खांद्याला हात लावून म्हणाला, "बापूजी, चलो."

"अभी नहीं," ते म्हणाले. "जालना नहीं आया."

मुलानं माझ्याकडं पाहिलं. मग कोट काढून मांडीवर घेतला आणि तोही बापाशेजारी बसला.