कँटाटाचं शेवटचं कडवं

रविवारी चर्चमध्ये आईने माझी चांगलीच पंचाईत केली. दोघीतिघींनी फोन करून विचारलं, म्हणून सगळ्यांना एकदमच ई-मेल लिहितेय...

इथे ईडन प्रेरीजवळच्या एका ल्युथरन चर्चच्या कॉयरमध्ये मी तीन वर्षं ऑल्टो गाते, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज (पुरुषांमधला वरचा तो टेनर). वर्षातून दोनदा आम्ही एखादा जुना बरोक कँटाटा बसवतो, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीची, अनेक भागांची चर्चमधली गीतरचना. कॉयर, एक-दोन सोलो, थोडी व्हायोलिन्स, एक ओबो...

हा कार्यक्रम नसतो, हे आधी सांगायला हवं. बायबलचं वाचन झालं की प्रवचनाच्या आधी, त्या वाचनालाच धरून कँटाटा होतो. तो प्रार्थनेचा भाग, त्यामुळे संपल्यावर टाळ्या नाहीत, नुसती शांतता. शेवटचं कडवं मात्र लोकांच्या ओळखीच्या चालीवर असतं.

आता माझी अडचण. आम्ही बौद्ध. आईने लहानपणी तिच्या वडिलांचं बोट धरून नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात कुठल्याच देवापुढे कुणी हात जोडले नाहीत. मीही जोडत नाही. मग चर्चमध्ये उभी राहून देवाचं गाणं म्हणते, ते काय?

आजवर मी स्वतःची समजूत घालत आले... शब्द जर्मन आहेत, सूर माझा, शब्द त्यांचे. पण मला डिक्शनरी घेऊन बसायची खोड, त्यामुळे ही समजूत तशी लंगडीच. यंदा तर आमची डायरेक्टर लिंडा म्हणाली, शेवटचं कडवं इंग्रजीत घेऊ, म्हणजे लोकांनाही गाता येईल. त्यात ‘देवा, माझा भरवसा तुझ्यावर’ असं सरळसरळ... आणि नेमकी यंदाच आई इथे आलेली, समोर बसून ऐकणार!

मी लिंडाला गाठून सांगितलं, एवढं कडवं मी म्हणणार नाही. ती हसली. “मीना, माझ्या निम्म्या टेनर्सच्या मनात त्या वेळी फक्त लंच असतं. तू निदान विचार तरी करतेस.” मग म्हणाली, “गप्प राहा, पण गाण्याचं फोल्डर खाली घेऊ नकोस. रांग वाईट दिसते.”

रविवारी आई पांढरी साडी नेसली. “प्रार्थनेला जायचंय ना?” म्हणाली. वरून माझा विंटर कोट घालून पुढच्याच बाकावर बसली.

आमचं गाणं उत्तम झालं, हे मी न लाजता सांगते. मग शेवटचं कडवं आलं. सगळे उभे राहिले, आईसुद्धा. मी फोल्डर धरून गप्प... आणि मग ती शांतता पसरली.

त्या शांततेत आईचा आवाज आला, निवृत्त हेडमास्तरणीचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. “साधू! साधू! साधू!” आपल्याकडे वंदना संपली, कुणी चांगलं बोललं, की म्हणतात तसं.

लिंडाचे हात अजून हवेतच. माझे कान तापले. तेवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, “आमेन.” मग आणखी दोघंतिघं. पास्टर उठले आणि हे दर रविवारचंच असल्यासारखं प्रवचन सुरू केलं...

गाडीत मी म्हटलं, “आई, तिथे असं मोठ्याने बोलत नाहीत गं.”

“का? चांगलं झालं तर म्हणायचं नाही? ती सनईवाली मुलगी काय सुरेख वाजवत होती.”

“ओबो, आई.”

“असेल. तू शेवटी गप्प का होतीस? पाठांतर कच्चं?”

मग मी सगळं सांगितलं. दीक्षा, भरवसा, इंग्रजी शब्द... मला वाटत होतं, हे ऐकल्यावर ती कॉयरच सोडायला सांगेल.

“मग गप्प राहिलीस ते बरोबर केलंस,” ती म्हणाली. “बाकीचं छान गातेस, गा. पण तोंड अर्धवट उघडं होतं तुझं. बघणाऱ्याला वाटावं गातेय, तुला वाटावं गात नाही. दोन्हीकडून पास व्हायचं होतं का?”

मी स्वतःला इतकी काटेकोर समजते... आणि आईने मला पुढच्या बाकावरून पकडलं.

काल रिहर्सलला लिंडाला सांगून टाकलं. बाकी सगळं मी जीव ओतून गाईन. शेवटच्या कडव्याला फोल्डर मिटेन आणि तोंडही, रांग वाईट दिसली तरी चालेल. तिने क्षणभर विचार केला, ऑल्टोंच्या खुर्च्या हलवल्या आणि मला टोकाची जागा दिली. “इथे मिटलेलं फोल्डरही छान दिसेल,” म्हणाली.

गायला जागा मला आणखीही कुणी दिली असती... तोंड मिटून ताठ उभं राहायला जागा लिंडाने दिली. त्याबद्दल तिचे मनापासून आभार.