तिच्या ब्लॉगचं नाव बदललं तेव्हा

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. गिरगावातल्या एका वाडीत तिचं आजोबांच्या वेळचं घर आहे. लाकडी जिन्याचं, एकमजली, पुढे रुंद ओटा आणि ओट्यासमोर दोन खाटा मावतील एवढं अंगण. ती मूळची इथलीच ख्रिस्ती. घरात अजून त्यांची जुनी बोली बोलतात, ‘मला’च्या जागी ‘मना’ म्हणतात. मी ठाकूरद्वारला तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या खिडकीच्या ग्रीलमध्ये दोन कुंड्या आहेत, एकीत तुळस आणि एकीत अबोली. पाणी जरा जास्त झालं की खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिपकतं आणि त्या वर मान करून माझं नाव घेतात. म्हणून मी आमटीच्या डावाने मोजून पाणी घालते.

तिच्या अंगणात लिंबाचं झाड आहे, जास्वंदी आहे, पत्र्याच्या जुन्या डब्यांत लावलेली नेची आहेत. ती सकाळी पाइप सोडते आणि मागे न बघता घरात जाते. शाळेत असताना तिच्या घरी गेले की मला तिच्याशी खेळायचं नसायचं, नुसतं त्या ओट्यावर बसायचं असायचं. ती म्हणायची, “चल ना, कंटाळा येतो इथं.” तिला तिथे कंटाळा येतो, याचाच मला राग यायचा.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, मंडळांचे अहवाल, काय येईल ते. म्हणून तिने घर आणि बागेबद्दल ब्लॉग लिहायचं ठरवलं तेव्हा पहिला लेख घेऊन ती माझ्याकडे आली. वहीच्या पानांवर लिहिला होता. पितळेची भांडी चिंचेने कशी घासायची, त्यांच्या घरचा मसाला उन्हात कसा वाळवायचा आणि त्या दिवसांत कुंड्या कुठे हलवायच्या. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. मी सगळा लेख लाल केला.

“नाव काय देऊ गं?” तिने विचारलं.

मी पटकन म्हटलं, “ओट्यावर. ओटा स्वयंपाकघरातही असतो आणि दारातही. तुझे दोन्ही विषय त्यात येतात.”

ती हसली, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, “शाळेतपण तूच हुशार होतीस.”

त्या नाताळात आमच्याच छापखान्यात आम्ही तिची छोटी कार्डं छापून घेतली. वर नेच्याच्या पानाचं चित्र, खाली ब्लॉगचं नाव, पत्ता आणि नाताळच्या शुभेच्छा. तिने ती वाडीभर वाटली, चर्चमध्ये वाटली, केकच्या डब्यांवर चिकटवली.

ब्लॉग चालला. दर आठवड्याला ती लेख पाठवायची, मी सुधारून परत द्यायची. एकदा घाईत माझ्या नजरेतून एक वाक्य सुटलं. तिने लिहिलं होतं, ‘झाडाला पाणी घालताना मना माझी मम्मीच दिसते.’ त्या एका वाक्याखाली लोकांनी जेवढं लिहिलं तेवढं मी सुधारलेल्या एकाही लेखाखाली लिहिलं नव्हतं. तिने मला फोन करून ते सगळं वाचून दाखवलं. मी “छान, छान” म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी छापखान्यात एका पत्रिकेत मी वधूच्या वडिलांचं नाव चुकीचं सोडलं. इतक्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

मग तिला कार्यक्रमांना बोलावणी येऊ लागली. दादरला एका सभागृहात बागकामाचा कार्यक्रम होता, मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तिने आकाशी साडी नेसली होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “इतकं सुंदर नाव कसं सुचलं?”

मी पदर सारखा केला, कारण मला वाटलं की आता ती माझ्याकडे हात करेल.

“असंच,” ती म्हणाली. “एक दिवस ओट्यावर बसले होते आणि सुचलं.”

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. नंतर आम्ही बाहेर पियूष प्यायलो. ती बोलत होती, मी पेल्यातल्या जायफळाच्या कणांकडे बघत होते. विचारावं असं दहादा मनात आलं, विचारलं नाही. विचारलं असतं तर ते तिथेच मिटलं असतं, हे मला आता कळतं.

त्यानंतर काही महिन्यांनी तिला वकिलाची नोटीस आली. कुंड्या, माती आणि बागेतली बाकं विकणारी एक कंपनी होती. त्यांच्या मालाचं नाव आणि ब्लॉगचं नाव कानाला सारखंच लागत होतं आणि त्यांनी त्यांच्या नावाची रीतसर नोंदणी केलेली होती. नोटिशीत म्हटलं होतं की पंधरा दिवसांत नाव वापरणं थांबवा आणि ब्लॉगचा पत्ता आमच्या स्वाधीन करा.

तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. “अरे देवा,” मी म्हटलं आणि माझ्या आवाजात काळजी होतीही. पण फोन ठेवल्यावर मी चहा टाकला, त्यात आलं किसलं, आणि लक्षात आलं की मी गुणगुणतेय.

तिचा चुलतभाऊ वकील आहे, माहीमला असतो. रविवारी तो तिच्या ओट्यावर बसून आम्हा दोघींना समजावून सांगत होता. “त्यांच्याआधीपासून तू हे नाव वापरत होतीस, एवढं दाखव. मग ते गप्प बसतील. काय आहे तुझ्याकडे?”

तिच्याकडे काही नव्हतं. ब्लॉग एका जागेवरून दुसरीकडे हलवताना पहिल्या दीड वर्षाचे लेख उडाले होते. जे उरले होते ते सगळे कंपनीच्या नोंदणीनंतरचे.

“कार्ड!” ती एकदम म्हणाली. “नाताळचं कार्ड होतं ना! त्यावर सालपण होतं.” तिने कपाटं उपसली, केकचे डबे बघितले. एकही उरलं नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. “तुझ्याकडे असेल गं एखादं?”

छापखान्यात प्रत्येक कामाचा एक नमुना वहीत चिकटवून ठेवतात, शेजारी तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव. ती वही माझ्याच टेबलामागच्या कपाटात असते. कार्ड त्यात होतं, हे मला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसत होतं. डाव्या पानावर, एका बारशाच्या पत्रिकेखाली.

“बघते,” मी म्हटलं.

सोमवारी मी वही काढली. कार्ड होतं. नेच्याचं पान जरा पिवळं पडलं होतं, बाकी सगळं स्वच्छ वाचता येत होतं. मी ते बराच वेळ बघत बसले. मी सुचवलेलं नाव होतं ते. हे कार्ड दिलं तर नाव वाचेल आणि ती पुन्हा कुठल्यातरी सभागृहात सांगेल की असंच सुचलं. मी वही मिटून कपाटात ठेवली आणि संध्याकाळी तिला कळवलं, “नाही सापडलं गं.”

“जाऊ दे,” ती म्हणाली. “तू शोधलंस तरी.”

चुलतभावाने कंपनीच्या वकिलाशी बोलून महिन्याभराची मुदत घेतली. नाव बदलायचं ठरलं. वाचकांनी नावं पाठवली, चारशेच्या वर. ती रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायची आणि मी प्रत्येकात खोट काढायची. हे जुनाट, ते फार गोड, ते रोपवाटिकेसारखं वाटतं. मला वाटत होतं की शेवटी दमून ती मलाच विचारेल. माझ्याकडे तीन नावं तयार होती.

तिने विचारलं नाही. एका सकाळी तिने नवं नाव पाठवलं, ‘आमचे दारान’. त्यांच्या बोलीत आमच्या दारात.

“व्याकरणात चुकीचं आहे ना?” तिने फोनवर विचारलं. “पण आमच्या घरी असंच म्हणतात. ठेवू?”

इतकी वर्षं मी तिच्या लेखांतून हीच बोली खोडत आले होते. “चुकीचं नाही,” मी म्हटलं. याच्याहून चांगलं नाव मला सुचलं नसतं, हे मला ते वाचता क्षणीच कळलं होतं.

नावामुळे तिचं आणखी नाव झालं. एका वर्तमानपत्राने तिच्यावर अर्धं पान लिहिलं, दारात उभ्या असलेल्या तिचा फोटो छापला. बोली जपणारी बागवाली, असं काहीतरी. तिच्या जातभाईंनी पार वसईहून फोन केले. ती मला म्हणायची, “बघ, त्या कंपनीने उपकारच केले माझ्यावर.” मी केलं ते फुकटच गेलं होतं. तिचं काही वाईट झालं नाही आणि मला मात्र छापखान्यात त्या कपाटाकडे पाठ करून बसवेना.

एका रविवारी ती लिंबाच्या बुंध्याशी खत घालत होती, मी तिच्या हातात घमेलं देत होते. मी म्हटलं, “ते कार्ड होतं माझ्याकडे. छापखान्याच्या वहीत.”

तिचा हात थांबला. “कधी सापडलं?”

“दुसऱ्याच दिवशी.”

ती उकिडवीच बसून हातातलं खत घमेल्यात परत टाकू लागली. मग म्हणाली, “का गं?”

“दादरला तू माझं नाव घेतलं नाहीस.”

“दादरला?” तिला खरंच आठवेना. मी सगळं सांगितलं, प्रश्न काय होता, तिने काय उत्तर दिलं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मला अपराधीपणा दिसेल म्हणून मी वाट बघत होते. तो दिसला नाही. ती गोंधळलेली होती. “मला वाटलं मलाच सुचलं,” ती म्हणाली. “खरंच तसं वाटलं.” मग नळाखाली हात धुऊन तिने ते घरात घालायच्या फ्रॉकला पुसले. “आज जा तू. मना जरा एकटं बसू दे.”

दोन महिने आम्ही बोललो नाही. मग तिचाच फोन आला, दाढदुखीबद्दल, कोणता डॉक्टर बरा म्हणून. मी तिला घेऊन गेले. कार्डाचा विषय तिने पुन्हा काढला नाही आणि लेखही पुन्हा माझ्याकडे पाठवले नाहीत. आता ती स्वतःच लिहिते आणि तसंच टाकते. मी छापखान्यात डबा उघडायच्या आधी वाचते. चुका असतात, लोक त्यांच्यावर प्रेम करतात, आणि मला अजून जळायला होतं. वयाबरोबर हे कमी होतं असं लोक म्हणतात, माझं झालेलं नाही.

गेल्या मे महिन्यात ती दहा दिवस मुलीकडे गेली आणि झाडांना पाणी घालायला किल्ली मला दिली. रोज कामाला जायच्या आधी मी जायची. पाइप असूनही मी झारीनेच पाणी घालायची, म्हणजे जास्त वेळ लागतो. चौथ्या की पाचव्या दिवशी गेटाशी दोन कॉलेजच्या मुली आल्या, वाडी बघायला आलेल्या.

एकीने विचारलं, “‘आमचे दारान’ तुम्हीच लिहिता ना? आम्ही सगळं वाचतो तुमचं.”

मी झारी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “नाही,” मी म्हटलं, “ती बाहेरगावी गेलीय. मी नुसती पाणी घालते.”

“मग तुमचा एक फोटो घेऊ का, बागेसोबत?”

याला मी नाही म्हणाले नाही. केस सारखे केले आणि ओट्याच्या पायरीवर चढून, झारी हातात धरून, लिंबाच्या बाजूला उभी राहिले.