सुभेदार नानांचं आभाळ

आमच्या सुभेदार नानांना मोकळ्या आभाळाची भीती वाटायची. तोफखान्यात उभी हयात घालवलेला हा माझा दीर आपल्याच गावात भिंतीच्या सावलीने चालायचा.

मी नवी नवरी होते तेव्हा ते सुट्टीवर आले. घराच्या धाब्यावर वाळत घातलेली माझी लाल साडी बघून म्हणाले, "वहिनी, काढा ती. वरून दिसू राह्यली." मला वाटलं, साडी भलतीच खुलतेय आपल्याला! लाजून चूर झाले आणि नवऱ्याकडून आणखी एक लाल साडी उकळली. वरून म्हणजे विमानातून, एवढी अक्कल कुठे होती!

माझा नातू सागर पायदळात लागला आणि सरहद्द तापली, तेव्हा नानांच्या भीतीची थट्टाही सुचेना. टीव्ही बघून काही कळेना म्हणून मी केळीच्या बागेत नानांना गाठलं.

"आपला माल कसा जातो, वहिनी? आधी व्यापाऱ्याचा माणूस घड बघून जातो. मग कापणारे, मग उचलणारे. तसंच हे. ड्रोन बघतो, तोफ कापते, मग पायदळ जागा घेतं."

"म्हणजे सागर सगळ्यांच्या मागून जातो. बरं आहे की."

"समोरच्याकडेही बघणारा आहे ना," नाना हळूच म्हणाले.

त्या दिवसापासून मला बागेत घड दिसेनात. माणसंच लटकलेली दिसायची.

एकदा शेजारच्या बागेवर फवारणीचा ड्रोन आला. नानांनी माझी मान धरून मला पाण्याच्या चारीत आडवं केलं. बायका हसायला लागल्या, "नाना, औषध मारू राह्यले ते!" नाना उठले नाहीत. मानेवरचा हातही त्यांनी काढला नाही, म्हणून मीही उठले नाही.

माझी सून, सागरची आई, त्याला सारखा फोन लावायची. नानांनी एक दिवस तो काढूनच घेतला. "तो करील तेव्हा बोला. तेही दोन शब्द. फोन सुरू झाला की समोरच्याला माणसाची जागा कळते."

"तुम्हाला पोर नाही, म्हणून जमतं हे," सून फटकन म्हणाली.

नाना फोन खिशात घालून दिवसभर ओट्यावर बसून राहिले, मधूनमधून खिसा चाचपत.

गेल्या महिन्यात नाना दुपारच्या झोपेतच गेले. सागरला कळवायचं कसं? सुनेनं स्वतःच मान हलवली. "नको. नाना नको म्हणाले असते."

परवा त्याचा फोन आला. जिवंत होता पोरगा! मला रडू फुटलं.

"आजी, नानांना दे ना."

"बागेत गेलेत."

"एवढ्या उन्हात? आजी, खरं सांग."

मला तासभर बोलायचं होतं त्याच्याशी. पण एकेक क्षण जात होता आणि वरून कोणीतरी बघत असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"ठेव रे आता," मी म्हणाले, आणि तो "आजी" म्हणत असतानाच फोन कापला.