पोत्यावरची सूचना

कोरेगावच्या बाजूला ज्या गावी मी शाळामास्तर होतो, तेथे परड्याच्या भिंतीचे आयुष्य एका वर्षाचे असे. वैशाखात पांढरीची माती आणायची, तीत भुसा कालवून पायांनी तुडवायची, हातभर जाडीची भिंत उभी करायची आणि तिच्या डोक्यावर उसाच्या पाचटाचे छप्पर घालायचे. श्रावणात ती भिंत पोट पुढे काढी आणि भाद्रपदात, पितरांच्या पंधरवड्यात, आडवी होई. मग घरधनी ढिगाऱ्यापुढे उभा राहून कारणे शोधी. शेजाऱ्याची म्हैस अंग घासते, हे पहिले कारण. शेजाऱ्याची दृष्ट लागली, हे दुसरे. पाया वीतभरही खणलेला नव्हता, हे कारण मी त्या गावातल्या अकरा वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकले नाही. पुढच्या वैशाखात पुन्हा तीच माती, तोच गवंडी आणि तीच म्हैस.

युद्ध संपल्यावरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात या सुखी व्यवस्थेत एका हवालदाराने व्यत्यय आणला. त्याचे परडे माझ्या परड्याला लागून होते आणि मधली भिंत दोघांची होती. इंजिनियर पलटणीबरोबर तो समुद्रापलीकडे जाऊन आला होता. आमच्या गावात दर दोन घरांआड एक फौजी होता, त्यामुळे शौर्य मोजण्याचे गावाचे स्वतःचे माप होते. हवालदार परत आला त्या आठवड्यात पारावर त्याला विचारण्यात आले, की किती मारले. त्याने सरळ उत्तर दिले, "मी भिंती बांधत होतो." तेवढे पुरले. लढाईला जाऊन कोणी भिंती बांधते का? दुसऱ्या दिवसापासून त्याला लांगरी म्हणू लागले. लांगरी म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी. तो रस्त्याने निघाला की कोणीतरी हमखास ओरडे, "आवं लांगरी, आज कालवण काय हाय?" तो हसत नसे आणि रागावतही नसे, फक्त त्याच्या मानेची शीर फुगे. ती शीर मी माझ्या परड्यातून रोज पाहत होतो.

त्या वैशाखात गवंडीमामा नेहमीप्रमाणे पांढरीच्या मातीचे बोलायला आले, तेव्हा हवालदार म्हणाला, "मामा, औंदा माती न्हाई. सिमिटाचं ठोकळं पाडायचं. भित माझ्या नातवानं बगावी, अशी बांधायची."

मामा साठीचे होते आणि गावातली प्रत्येक भिंत त्यांनी किमान वीस वेळा बांधली होती. त्यांनी विडी विझवली. "गड्या, सिमिट म्हंजी राख. राखंचं कवा दगाड झाल्यालं बगितलंस?"

"बगितलंय. केलंय."

"मंग ठोकळं पाडल्यावर पंधरा दिसांनी माज्या हातोडीचं तीन घाव घालीन. ठोकळा टिकला तर तुजी भित मी रचतो. फुटला तर मातीची भित, आन् तू कबूल करायचं."

"काय कबूल करायचं?"

"की तू तितं भाकऱ्या थापल्यास."

पारावरच्या मंडळींना ही पैज फार आवडली. हवालदाराने मान डोलावली. त्या क्षणापासून ती भिंत नुसती परड्याची उरली नाही; लांगरी हे नाव धुऊन निघणार की कायमचे चिकटणार, ते ठोकळ्यावर ठरणार होते.

ठोकळे पाडण्याची त्याची पद्धत मी वहीत टिपून घेतली होती, कारण पद्धतशीर गोष्ट दिसली की ती टिपून घेण्याची मला सवय आहे. सुताराकडून बाभळीच्या फळ्यांचा साचा करून घ्यावा व आतून रॉकेलच्या डब्याचा पत्रा ठोकावा. एक भाग सिमेंट, तीन भाग धुतलेली वाळू आणि पाच भाग बारीक खडी प्रथम कोरडीच कालवावी. पाणी बेताने घालावे. मुठीत दाबलेला गोळा मूठ उघडल्यावर जागच्या जागी राहिला पाहिजे आणि हात जेमतेम ओला झाला पाहिजे. साच्याला तेल लावून तीन थरांत माल भरावा, प्रत्येक थर लाकडी धुमसाने ठोकावा आणि मग साचा सरळ वर उचलावा. मामलेदार कचेरीच्या परवान्यावर त्याला बारा पोती सिमेंट मिळाले होते. त्यातली सहा खर्चून त्याने दोन दिवसांत साठ ठोकळे पाडले. ते माझ्या परड्यात मांडले, कारण माझे परडे सपाट होते. चार रांगा. चौथी रांग थोडी आखूड होती आणि आमच्या मोरीच्या तोंडाशी येत होती.

तिसऱ्या दिवशी त्याला साताऱ्याच्या कचेरीचे पत्र आले, की फौजेचे मूळ कागद घेऊन समक्ष हजर व्हावे. निघताना त्याने ठोकळ्यांवर ओली तरटे घातली आणि मला म्हणाला, "गुरुजी, दिसातनं तीनदा पाणी. तरटं सुकू द्यायची न्हाईत. तुमच्यापरीस वक्ताचा पक्का माणूस गावात न्हाई, म्हून तुमाला सांगतुय."

ही स्तुती खरी होती. माझ्या घंटेवर गावातल्या तीन घरांची घड्याळे लावली जात. पहिल्या दिवशी मी तीनदा पाणी घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी घागर ठेवताना माझ्याच परड्याच्या वळचणीला रचलेल्या उरलेल्या सहा पोत्यांकडे माझे लक्ष गेले. त्यांवर इंग्रजीत काही छापले होते. त्या गल्लीत इंग्रजी वाचू शकणारा मी एकटा. सांगलीस शिकलेला, ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला. मी मोठ्याने वाचले आणि जमलेल्या दोघातिघांसाठी अर्थ सांगितला: कोरड्या जागी ठेवावे, ओल लागू देऊ नये.

मी विचारात पडलो, आणि माझा विचार नेहमीप्रमाणे क्रमवार चालला. कारखानदार आपल्या मालाविषयी अधिक जाणतो की हवालदार? कारखानदार. कारखानदार काय म्हणतो? ओल नको. गावाचा शेकडो वर्षांचा अनुभव काय सांगतो? पाणी हे भिंतीचे मरण. छापील अक्षर आणि लोकानुभव दोन्ही एकाच बाजूला असताना एका फौजी माणसाच्या तोंडी सूचनेला किती वजन द्यावे? मी तरटे काढली, घड्या घालून कोपऱ्यात रचली आणि ठोकळे वैशाखाच्या उन्हात उघडे ठेवले. तीन प्रश्न, तीन उत्तरे आणि खाली रेघ.

आमच्या घरातून विरोध झाला. आमची पत्नी म्हसवडकडच्या दुष्काळी मुलखातली. तिकडे एकदा वापरून पाणी फेकून देणे हे पाप समजतात. ती म्हणाली, "अहो, त्यांनी पाणी घाला म्हटलं होतं ना?"

"छापलेलं आहे," मी म्हणालो.

"कोणासाठी छापलंय?"

"वाचणाऱ्यासाठी," मी म्हणालो. हा प्रश्न किती नेमका होता, ते मला दहा दिवसांनी कळले.

त्याच संध्याकाळी ती भांडी घासलेले पाणी मोरीजवळच्या रांगेवर ओतताना दिसली. मी हटकले. तिने उलट विचारले, "सांडपाणी कुठं टाकू मग? तुमच्या डोक्यावर?" सांडपाण्याविषयी पोत्यावर काही छापलेले नव्हते, म्हणून मी तो विषय तेथेच संपवला.

आठ दिवसांत ठोकळे असे पांढरेशुभ्र दिसू लागले, की येणारेजाणारे थांबून पाहत. मी प्रत्येकास सिमेंट वाळवण्याची शास्त्रोक्त रीत समजावून सांगितली. गोवऱ्या वाळतात, विटा वाळतात, पापड वाळतात. ज्याला घट्ट व्हायचे त्याने प्रथम वाळले पाहिजे. लोक माना डोलावत. त्या गावात मी अनेक विषय शिकवले, पण इतक्या लवकर समजलेला विषय दुसरा नाही.

साताऱ्यात कारकुनाने "उद्या या" हा पाठ गिरवून हवालदाराला बारा दिवस अडकवून ठेवले. तो परतला पैजेच्याच सकाळी. माझ्या परड्यात तोवर निम्मे गाव जमले होते. तो फाटकातून आला, कोरड्या ठोकळ्यांकडे त्याने पाहिले, मग घडी घातलेल्या तरटांकडे. खाली वाकून एका ठोकळ्याची कड त्याने नखाने खरवडली. नखाखाली वाळू आली. मानेची ती शीर मला दिसली. मी बोलण्यासाठी घसा साफ केला, पण तेवढ्यात मामांनी हातोडी उचलली होती.

पहिल्या घावाला कोपरा उडाला. दुसऱ्या घावाला ठोकळ्याचे दोन तुकडे झाले. तिसऱ्याची गरज उरली नाही.

"भाकरी करपली रं, लांगरी!" कोणीतरी ओरडले आणि सारे परडे हसले. "कच्चीच ऱ्हायली म्हन!" दुसरा म्हणाला. हवालदार तुकड्यांकडे पाहत उभा राहिला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही, आणि मीही माझ्या धोतराच्या निऱ्यांपलीकडे कोठे पाहिले नाही. त्याच्यावरचे हसू थांबवण्यास माझे एक वाक्य पुरले असते. ते वाक्य व्याकरणशुद्ध स्वरूपात माझ्या मनात तयार होते. ते मी उच्चारले नाही. इतकी वर्षे उलटली, पण फळ्यावरचे चुकीचे उदाहरण जसे पुसले तरी दिसत राहते, तशी ती सकाळ मला दिसते.

हसू ओसरेना, म्हणून मामांनी करमणूक वाढवायला आणखी एक ठोकळा फोडायचे ठरवले. ते हिंडत हिंडत चौथ्या रांगेपाशी गेले. तिथले ठोकळे पांढरे नव्हते. काळपट, राखेचे आणि थोडे ओशट दिसत होते. "ह्यो तर कुजलाय," असे म्हणून त्यांनी घाव घातला. हातोडी उसळली. त्यांनी दुसरा घातला. ठोकळ्याचा टवकाही उडाला नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात वापरले. आवाज घंटेसारखा आला आणि मामा मनगट चोळू लागले.

मामा माणूस कुचका, पण कारागीर खरा. त्यांनी ठोकळा उलटा केला, बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि शेजारचा तपासला. मग सगळ्यांना गप्प करून विचारले, "हितल्यांना पानी कुनी घातलं?"

दारातून आमची पत्नी म्हणाली, "मी. भांडी घासलेलं."

"आन् त्या तीन रांगांस्नी पानी घालायचं काम कुनाकडं हुतं?"

आता सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. हवालदाराने मात्र तुकड्यांवरून नजर हलवली नाही. मी पोत्यापाशी गेलो, त्यावरची ओळ वाचली, तिचा अर्थ सांगितला आणि माझा युक्तिवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने मांडला. मी थांबलो तेव्हा मामांनी डोक्यावरचे मुंडासे सारखे केले.

"गुरुजी," ते म्हणाले, "पोत्यावर लिवल्यालं पोत्यासाटी असतंय. ठोकळ्याला कुटं वाचता येतंय?"

त्यानंतर जे हसू उठले ते मघाच्यापेक्षा मोठे होते आणि ते पूर्णपणे माझ्या वाट्याचे होते. सिमेंटाला वापरेपर्यंत पाणी वर्ज्य आणि वापरल्यानंतर पाणी हेच अन्न, इतकी साधी गोष्ट. ती मोरीला कळली होती आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या मास्तरला कळली नव्हती. मामांनी सर्वांदेखत हवालदाराच्या खांद्यावर हात ठेवला. "पैज तुजी, गड्या. भित मी रचतो."

चौदा ठोकळे निभावले होते. बाकीचे शेहेचाळीस फोडून पायाच्या चरात भरले. मुरूम लागेपर्यंत पाया खणला होता, त्यात ते कामी आले. शिल्लक सहा पोत्यांतून नवे पाडले आणि त्यांना एकवीस दिवस, दिवसातून तीनदा, विहिरीवरून पाणी आणण्याचे काम मी मागून घेतले. कोणी मला थांबवले नाही. दुसरा परवाना मिळाला नाही, म्हणून डोक्याइतकी ठरलेली भिंत छातीइतकीच झाली. ती उणी राहिलेली उंची माझ्या नावावर आहे.

गावात नावे ठेवण्याची जागा फार काळ रिकामी राहत नाही. लांगरी हे नाव गेले आणि मला पाणक्या म्हणू लागले. मी कावड घेऊन निघालो की पारावरून विचारणा होई, "गुरुजी, पोत्यावर काय लिवलंय आज?"

विसाव्या दिवशी हवालदार माझ्या हातून घागर घेत म्हणाला, "गुरुजी, एक सांगू? पयली दोन वर्सं मी लांगरीच हुतो."

मी घागर सोडली नाही, एवढे आठवते.

"कनीक मळून वल्या फडक्याखाली ठिवायची, न्हाईतर वरनं पापुद्रा धरतो आन् चपाती तडकती. पुढं ठोकळ्याच्या कामावर घातलं, तवा साहेब पानी घाला म्हनाला, आन् बाकीच्यांस्नी चार डाव सांगाय लागलं. मला एकदाच." मग आजूबाजूला पाहून तो म्हणाला, "गावाला सांगू नगा."

मी सांगितले नाही. येथेही त्याचे नाव लिहिलेले नाही.

त्या भाद्रपदात गल्लीतल्या सगळ्या भिंती रिवाजाप्रमाणे आडव्या झाल्या. आमची उभी होती आणि शेजाऱ्याची म्हैस तिला निवांत अंग घाशीत होती. दोघेजण रस्त्यावरून जाता जाता थांबले. त्यांतल्या एकाने मला हाक मारली, "पाणक्या गुरुजी, खरं सांगा, हवालदार फौजंत काय करत हुता वो?"

"भिंतीला विचारा," मी म्हणालो. "हातोडी मामांकडून आणा."