आयोस बेटावर देवरावांची नाइट शिफ्ट

देवराव लांजेवार यांनी आयुष्यातली निम्मी वर्षं जमिनीपासून उंचावर काढली. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये ते क्रेन चालवत. खालून तापलेले रूळ सरकत जायचे, सगळं छप्पर त्यांच्या उजेडाने लाल व्हायचं, आणि वर टांगलेल्या लोखंडी केबिनमध्ये देवराव एकटे असायचे. खालचा माणूस हाताने खूण करी. देवराव ते अवजड लोखंड अलगद उचलून पलीकडे नेऊन ठेवत, झोपलेलं मूल एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ठेवावं तसं. बदलीचा माणूस शिडी चढून वर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला नियम होता. तो अंगात इतका मुरला होता की लग्नाच्या पंक्तीतसुद्धा शेजारचा माणूस हात धुऊन परतेपर्यंत देवराव पानावरून उठत नसत.

त्यांची बायको सिंधुताई कारखान्याच्या इस्पितळात नर्स होती. तिच्याही शिफ्टा फिरत्या. दामिनी झाली तेव्हा घरात सांभाळायला तिसरं माणूस नव्हतं, म्हणून दोघांनी आपापल्या ठिकाणी विनंती करून उलट्या शिफ्टा लावून घेतल्या. तो फर्स्टला, ती सेकंडला. तो नाइटला, ती फर्स्टला. क्वार्टरच्या दारात दोघांची गाठ पडे. दूध तापवलंय, पोरगी जेवली, गॅस संपत आलाय, एवढं सांगून एक जण आत जाई आणि दुसरा सायकल काढी. पलंग एकच होता. एक उठे, दुसरा त्याच उबेत आडवा होई. उशीवर उरलेला नवऱ्याच्या डोक्याचा खळगा सिंधुताईंना त्याच्या चेहऱ्याइतकाच ओळखीचा होता. मिलमधले लोक दामिनीला ओव्हरटाइमची पोरगी म्हणत. देवराव हसत आणि शिडी चढत.

पुढे दामिनी नोकरीसाठी पुण्याला गेली. देवराव रिटायर झाले, दोन वर्षांनी सिंधुताईही झाल्या. भिलाईतच, सुपेल्याच्या बाजारापलीकडे त्यांनी बांधलेल्या घरात आता दोन माणसं आणि भरपूर वेळ होता. पण शिफ्ट शरीरातून गेली नाही. देवरावांना रात्री झोप येत नसे. ते समोरच्या खोलीत फोन घेऊन बसत आणि उजाडल्यावर पलंगावर येत. तोवर सिंधुताई उठून अंगण झाडत असत.

अशाच जागरणांत त्यांना आयोस सापडलं. ग्रीसचं एक लहानसं बेट. डोंगरावर पांढरं गाव, खाली वाळूचा लांब किनारा, आणि गावात मध्यरात्रीनंतर सुरू होणारं नाचगाणं, जे उजाडेपर्यंत चालतं. देवरावांनी एकच व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिला. त्यात नाचणारे नव्हते, नाचून झालेले होते. पहाटेच्या कोवळ्या उजेडात गल्लीतून उतरणारी माणसं. कोणाच्या हातात चपला, कोणी उगाच हसतंय.

एका सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सिंधुताईंना म्हणाले, "मी इतकी वर्षं नाइट करून गेटाबाहेर येनारी माणसं पाह्यली. राखेसारखी तोंडं. आपल्या मर्जीनं रातभर जागलेला मानूस सकाळी कसा दिसतो, ते मले एकदा पाहाचं हाये."

सिंधुताईंनी एकच गोष्ट विचारली. समुद्र आहे का. आहे म्हटल्यावर त्या तयार झाल्या. त्यांचं माहेर पवनीचं, वैनगंगेच्या काठचं. लग्नाआधी त्या पुरातही पोहत असत. भिलाईत आल्यापासून पाणी त्यांनी फक्त बादलीत पाहिलं होतं.

कॉलनीतले बरेच जण टूर कंपनीसोबत युरोप करून आले होते. झेंडेवाल्यामागे चालायचं, सांगितल्या वेळी उठायचं, पुलाव खायचा. देवरावांनी ते साफ नाकारलं; दुसऱ्याच्या घड्याळावर आपलं जगून झालंय, म्हणाले. आधी त्यांनी डिसेंबर ठरवला, कारण भिलाईचा माणूस समुद्राला जातो तो पुरीला, आणि पुरीला जातो तो थंडीत. दामिनीने फोनवर सांगितलं की थंडीत आयोसवरची बहुतेक हॉटेलं आणि नाचघरं बंद असतात. देवरावांना ते पटेना. ज्या गावातली भट्टी एकदा पेटली की विझवायची सोय नाही, तिथल्या माणसाला आख्खं बेट कुलूप लावून निजतं हे कसं पटावं? शेवटी सप्टेंबर ठरला. व्हिसाचे कागद गोळा झाले. अथेन्सपर्यंत विमान, पुढे जहाज, सगळं देवरावांना पाठ झालं.

मग एका रविवारी दामिनी हॉटेल बुक करायला व्हिडिओ कॉलवर बसली. सिंधुताई बाजूला वालाच्या शेंगा मोडत होत्या. देवरावांनी आधीच एक खोली निवडून ठेवली होती. ती दामिनीने उघडली आणि थांबली.

"बाबा, ये तो सिंगल रूम है. पलंग एकाच माणसाचा आहे."

"मालूम हाये," देवराव म्हणाले, आणि मोठ्या समाधानाने त्यांनी योजना समजावून सांगितली. रात्री ते गावात नाचगाणं पाहायला जातील, तेव्हा सिंधुताई झोपतील. सकाळी ते परततील, मग सिंधुताई समुद्रावर जातील आणि ते झोपतील. संध्याकाळी पुन्हा अदलाबदल. पलंग एक मिनिट रिकामा राहणार नाही. सामानापाशी कायम कोणीतरी असेल. किल्ली हातातून हातात. बेटाचा दिवसही वाया जाणार नाही आणि रात्रही नाही.

दामिनी हसू दाबत आईकडे पाहत होती. सिंधुताईंच्या हातातली शेंग मोडायची थांबली होती.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. इस्पितळात रोग्याला औषध कडू आहे असं सांगावं, तसा होता. "तुमी एकटेच जा. पलंगबी तुमालेच पुरेल."

देवरावांना कळेना. त्यांनी तिला समुद्र दिला होता, आख्खे दिवस दिले होते. दोन दिवस घरात भांड्यांचा तेवढा आवाज होता. तिसऱ्या दिवशी ते लोकल पकडून चरोद्याला गेले, सिंधुताईंच्या धाकट्या भावाकडे. सुखराम रेल्वेत मालगाडीचा गार्ड होता, आता तोही घरी बसला होता. त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली, बायकोला पोहे टाकायला सांगितले आणि मग मांडीवर थाप मारली.

"भाऊजी, तुमी बाईले फिराले नेऊन राह्यले का ड्यूटीवर? आमच्या मालगाडीत असंच राहाचं. डायवर पुढच्या टोकाले, मी मागच्या टोकाले. मधात डबेच डबे. दिवसभर एकाच गाडीत, अन् त्याचं तोंड मले दिसे गाडी यार्डात लागल्यावर. तुमची गाडी यार्डात लागली ना आता? उतरा की खाली."

देवरावांनी बशी पुढे ओढली. पोहे दोनदा घेतले.

परतीच्या वाटेवर त्यांनी सुपेल्यात एक पितळी कुलूप विकत घेतलं. घरात कायम कोणीतरी असायचं, त्यामुळे बाहेरून लावायला धड कुलूपच कधी नव्हतं. संध्याकाळी ते सिंधुताईंना म्हणाले, चल, बाजारात जाऊन येऊ. दोघंबी. सिंधुताईंनी कुलपाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन साडी बदलून आल्या.

कुलूप देवरावांनीच लावलं. ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. फाटकापर्यंत आले आणि त्यांचे पाय थांबले. वरच्या केबिनमधून खाली पाहावं तसे ते रिकाम्या घराकडे पाहत राहिले.

"काय झालं?" सिंधुताईंनी विचारलं.

"घरात कोनी नाही."

"म्हनूनच तं कुलूप लावलं."

"बदली आल्याबिगर..."

"आता कोनी येत नाही बदलीले," सिंधुताई म्हणाल्या. "मले दुपारची झोप नको अन् एकटीचा समुद्रबी नको. तुमच्यासंग जागाचं हाये. झोप आली तं वाळूतच पडू, दोघंबी. कबूल असंल तं चला, नाहीतं उघडा ते कुलूप."

देवराव फाटकाबाहेर पडले. पहिल्या वळणापर्यंत त्यांनी मान वळवून घराकडे पाहिलं, नंतर विसरले. सुपेल्याच्या गर्दीत सिंधुताईंनी त्यांच्यासाठी फुलाफुलांची हाफ पँट घेतली आणि दुकानातच कमरेला लावून पाहिली. दुकानदाराने विचारलं, बाबूजी कहाँ जा रहे हैं. नाइट ड्यूटी, सिंधुताईंनी परस्पर उत्तर दिलं. मग दोघं गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाड्यावर उभे राहिले. तिखटाने देवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सिंधुताई तोंडावर पदर धरून हसत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी दामिनीला फोन लावला. सिंगल नको, मोठी पाहा, देवराव म्हणाले. दामिनीने लगेच समुद्राकडच्या खिडकीची एक खोली उघडून दाखवली. पलंग भलामोठा, पांढरी चादर, एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला भिंत.

"खिडकीकडून कोण झोपणार?" तिने सहज विचारलं.

देवरावांनी सिंधुताईंकडे पाहिलं. सिंधुताईंनी देवरावांकडे.

"मी तं मधातच झोपतो," देवराव म्हणाले.

"मीबी मधातच."

दामिनी पलीकडे हसत सुटली. मग काय करू, म्हणाली, ये रूम एक ही बची है.

"बुक कर," सिंधुताई म्हणाल्या. "तिथं गेल्यावर भांडू."