ज्यांच्यावाचून काही अडलं नाही

कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. चारशे दवाखान्यांत रुग्णांना वेळा देणारं सॉफ्टवेअर ते अकरा वर्षं सांभाळत होते. कुठे काय बिघडतं, कसं सुधारायचं, सगळं लिहून ठेवत. आपण आजारी पडलो तर कुणाचं अडू नये, एवढीच इच्छा. असल्या इच्छा फार लवकर पुऱ्या होतात.

शेजारच्या खुर्चीतला गडी नेमका उलटा. त्याला गुंता म्हणत. त्याचा प्रोग्रॅम त्याच्याशिवाय कुणाला कळत नसे. जेवणानंतर त्यालाही नाही.

"मास्तर, एखादं पान गहाळ करा," गुंता म्हणायचा. "सगळंच वाढून ठेवलंत, तर वाढप्याला कोण विचारतो?"

"लाज वाटते का काही?"

"वाटते ना. पण लाजेनं पोट भरत नाही."

त्या वर्षी कंपनीला विक्रमी नफा झाला. सकाळी केक वाटला, 'आपण एक कुटुंब' म्हणताना साहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला, आणि दुपारी कुटुंबातल्या दर पाचव्या माणसाला घरी जायची मेल आली. मास्तरांना ती आली, तेव्हा दाताला केक अजून चिकटलेला होता.

"तुमच्या कामात खोट काढायला जागाच नाही," साहेब म्हणाले. "इतकं नीट लिहिलंय, की ते वाचून आता मशीनच तुमचं काम करतं. म्हणून तर!"

गुंता राहिला. त्याला काढायची कुणाची छाती झाली नाही.

"अकरा वर्षं स्वतःचा खड्डा खणलात," बायको म्हणाली, "तोही मोजूनमापून."

"काम चांगलं केलं गं."

"हो ना! वाईट करणारे बघा कसे एसीत बसलेत."

तरी मास्तर वाट पाहत राहिले. काहीतरी अडेल, साहेब बोलावतील. महिना गेला. फोन वाजला नाही. पाठ धरली म्हणून ते त्या चारशेतल्याच एका दवाखान्यात गेले, तर दिलेल्या वेळेला, अगदी त्याच मिनिटाला, त्यांना आत बोलावलं. मास्तरांना रडू आलं. डॉक्टरांना वाटलं, पाठ फारच दुखतेय.

मग दुसऱ्या कंपनीत मुलाखत. समोर लेकीच्या वयाची बाई.

"तुम्ही गेल्यावर तिथे काय काय अडलं?"

बायकोनं बजावलं होतं, थाप मारा. म्हणावं, तीन दिवस सगळं ठप्प होतं. थाप अगदी जिभेवर आली. मास्तरांनी ती गिळली.

"काहीच नाही," ते म्हणाले. "एक मिनिटही नाही."

महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांची मान ताठ झाली. बाईंनी हसून मान डोलावली आणि त्यांच्या नावावर काट मारली.