गवंडीण

मी मेहरुन. कान्हे स्टेशनच्या बाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, सरकारी फॉर्म भरून देणं आणि दाराला टांगलेली चार खेळणी. दहावी झालेय, अक्षर चांगलं आहे, आणि जीभ त्याहून धारदार आहे असं माझ्या माघारी बोलतात. बोलू देत. पण जे झालं त्यात सगळ्यांना शिव्या घालून झाल्या की शेवटची शिवी मला स्वतःलाच घालावी लागते, म्हणून सांगायला बसले.

गोष्ट शकुमावशीची. ती विहारामागच्या गल्लीत राहते. साठीला टेकली तरी सकाळी आठला डबा घेऊन कामावर. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं, बोटं सिमेंटनं खाल्लेली. लेक सविता दीड वर्षाची असताना नवरा गेला, तेव्हापासून ती सखाराम ठेकेदाराकडे बिगारी. बिगारी म्हणजे ओझ्याचं माणूस. विटा वाहायच्या, माल कालवायचा, घमेलं डोक्यावर घेऊन फळीवर चढायचं. भिंत बांधायची ती गवंड्यानं. थापीला बाईचा हात लागू नये असा कुठं कायदा नाही, पण कायद्यापेक्षा पक्कं आहे ते.

बावीस वर्षांपूर्वी भुशीकडं एका बंगल्याचं काम चाललं होतं. गवंडी तापानं फणफणलेला, मालकाची घाई. शकुमावशी म्हणाली, "भाऊ, मी चढवू का चार थर?"

सखाराम पोट धरून हसला. "चढव की! तेवढीच करमणूक."

संध्याकाळी त्यानं भिंतीला ओळंबा लावला. भिंत सुतात होती. कोपरा असा, की वरून खाली बोट फिरवलं तरी कुठं अडत नव्हतं. मग काही तो हसला नाही.

त्या दिवसापासून मागच्या भिंती तिच्या. संडासाच्या, टाकीच्या, कंपाउंडच्या. पुढं पुढं पुढच्याही. हजेरी मात्र बिगाऱ्याचीच. आणि मालकाची गाडी फाटकातून आत आली की सखाराम मोठ्यानं खोकायचा. ती खूण होती. शकुमावशीनं थापी खाली ठेवायची आणि घमेलं उचलायचं. बावीस वर्षं खोकतोय मेला, एकदा औषध म्हणून घेतलं नाही.

मावशी हे हसत सांगायची. माझ्या अंगाची लाही व्हायची. "तुम्हाला राग कसा येत नाही?" मी विचारायचे. "राग करून इटा वर चढत्यात व्हय गं?" ती म्हणायची, आणि विषय संपायचा.

संपला नाही तो नातीमुळं. सविता तळेगावला कंपनीत पॅकिंगला जाते, त्यामुळं तिची मुलगी प्रतीक्षा आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली. गेल्या वर्षी तिसरीत होती. शाळेत 'माझी आजी' असा निबंध दिला. पोरीनं लिहिलं, 'माझी आजी गवंडी आहे. तिने खूप बंगले बांधले.' बाईंनी 'गवंडी'वर लाल रेघ मारून वर लिहिलं, 'मजूर'. एवढ्यावर भागलं असतं, पण सखारामचा नातू गौरव त्याच वर्गात. तो उभा राहून म्हणाला, "हिची आजी थापी मारत नाही, नुसत्या थापा मारते." अख्खा वर्ग खो खो हसला. प्रतीक्षानं त्याच्या दंडाचा असा चावा घेतला की रक्त आलं.

बाईंनी आजीला बोलावून घेतलं. शाळेतून ती सरळ माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"पोरगी म्हणती, आज्जी, बाईस्नी सांग की तू गवंडी हाईस. म्या सांगितलं. त्या नुसत्या हासल्या. मेहरुन, माझ्याकडं कागद न्हाई गं. कुटंतरी छापल्यालं पायजे. न्हाईतर पोरगी म्हणंल, आज्जी खोटारडी हाय."

"सखारामकडून लिहून घ्या ना."

"त्यो मरंल, पर लिवणार न्हाई."

मी तिला चहा पाजला, झालं.

आणि पंधरा दिवसांत तो प्रज्ञेश आला. पुण्याच्या एका खेळण्यांच्या कंपनीतला पोरगा, गोरागोमटा, बोलायला साखर. कंपनी मुलींसाठी विटा जोडायचा संच काढणार होती आणि गावाकडच्या मुलींचं मत हवं होतं. नमुन्याची दोन खोकी ठेवून गेला. एक मुलींचं, 'परीचा बंगला'. दुसरं मुलांचं, क्रेनचं, तुलना करायला. सोबत फॉर्म. मुलीला रंग आवडला का? बाहुलीचे कपडे आवडले का? मुलगी किती वेळ खेळली? तिनं काय बांधलं, हे त्या दोन पानी फॉर्मात कुठंही विचारलं नव्हतं. ते आधी माझ्या लक्षात आलं नाही, मी फॉर्म वाचून दाखवला तेव्हा शकुमावशीच्या आलं, आणि तिला वाचताही येत नाही.

रविवारी दुकानाच्या ओट्यावर सतरंजी टाकली. एकीकडं माझी भाची रुमाईसा, एकीकडं प्रतीक्षा. शकुमावशी खांबाला टेकून बसलेली. खोटं कशाला सांगू, रुमाईसाला ते गुलाबी खोकं फार आवडलं. कुत्रं, आरसा, केकचे तुकडे, ती हरखून गेली. प्रतीक्षाचा बंगला मात्र पाच मिनिटांत उभा राहिला, आणि ती इकडंतिकडं बघायला लागली.

"आता काय बांधू?" तिनं विचारलं.

"आता पडदे लाव," मी खोक्यावरचं चित्र बघून सांगितलं.

शकुमावशी पुढं सरकली. तिनं क्रेनच्या खोक्यातली एक वीट उचलली, अंगठ्यानं कड तपासली, दुसरीवर दाबून बसवली, मग दहा-बारा रचून डोळा बारीक करून बघितलं. "माप झ्याक हाय. कुटं हलत न्हाई. चांगला कारागीर हाय ह्यो." मग तिनं बंगल्याची भिंत धरली. ती भिंत म्हणजे एकसंध फळी. विटा नाहीतच, विटांचं नुसतं चित्र. कोपऱ्यात दोन फळ्या शेजारी शेजारी उभ्या. तिनं बोटानं हलकं ढकललं आणि बंगला चारी बाजूंनी उघडून पडला.

"भिंत आयती दिलीया गं," ती म्हणाली. "मग पोरीनं करायचं काय? नुसतं पडदं लावायचं?"

तिनं क्रेनच्या खोक्यातल्या विटा सतरंजीवर ओतल्या आणि नातीला जवळ ओढलं. "हे बघ. खालच्या दोन इटांची जिथं फट, तिथं वरच्या इटंचं पोट आलं पायजे. ह्याला सांधेमोड म्हणत्यात. फटीवर फट आली की भिंत फाटती." दोन तास आजी-नात तिथून हलल्या नाहीत. रुमाईसा पण कुत्रं कडेवर घेऊन त्यांच्यात जाऊन बसली. कोपरा उभा राहिला, खिडकीवर आडवी वीट पडली, भिंत हातभर उंच झाली. मी विचारलं, मावशी, त्या बंगल्याचा गुलाबी रंग तुम्हाला खटकत नाही का? "रंगाचं काय? गुलाबी भिंत बी भिंतच की."

प्रज्ञेश फॉर्म न्यायला आला तेव्हा मी मुद्दाम तिला बोलावून घेतलं. तिनं त्याला सगळं करून दाखवलं. भिंतीच्या फळ्या काढा, विटा द्या. खिडकीवर आडवा तुकडा द्या. आणि बाहुलीचा हात बघा, त्यात कपाची दांडी तेवढी बसते. त्यात थापी बसली पाहिजे. पोरगा खुळावला. मोबाईलवर सगळं टिपून घेतलं.

"आजी, तुम्ही तर एक्स्पर्ट निघालात! तुमचा फोटो आम्ही खोक्यावर छापू. नाव आणि काम पण. चालेल?"

शकुमावशीनं माझ्याकडं पाहिलं. काय सांगू तिचे डोळे! "छापशीला? काम बी?"

"छापणार म्हणजे छापणार. काय काम करता तुम्ही?"

"गवंडी," ती म्हणाली. ताठ बसून म्हणाली.

फॉर्मवर मी लिहिणार होते. ती म्हणाली, "गवंडी लिव, मेहरुन." आणि मी, दहावी पास, व्याकरणाची मोठी जाणकार, तिला म्हणाले, "अहो मावशी, बाईला गवंडी म्हणत नाहीत. पुरुष वाटेल. गवंडीण लिहिते." ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुला कळतंय, तू शिकल्याली हाईस." मी शिकलेली! सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शकुबाई, गवंडीण', आणि खाली रेघ मारली.

पुढचे आठ महिने पोरीनं शाळेत कुणाला तोंडी लागू दिलं नाही. गौरव काही बोलला की म्हणायची, "थांब, छापून येणार आहे." शकुमावशी दर आठवड्याला दुकानाशी थांबायची. "आलं का गं?" नाही म्हटलं की पुढं चालू लागायची.

यंदा उन्हाळ्यात, सुट्टी लागायला आठवडा राहिला असताना कुरिअर आलं. मी दोघींना निरोप धाडला. शकुमावशी साईटवरून तशीच आली, हाताचं सिमेंट न धुता. खोकं खरंच देखणं होतं. मागच्या बाजूला तिचा फोटो, हातात वीट, तोंडभर हसू. खालच्या ओळी प्रतीक्षानं बोट ठेवून वाचल्या. मोठ्यानं, वर्गात वाचतात तशा.

"एका गवंड्याच्या... पत्नी... शकुबाई यांनी पसंत केलेला संच."

शकुमावशी म्हणाली, "पत्नी? माझा मालक तर रेल्वेच्या ठेक्यात खडी टाकायचा गं."

मी तिथल्या तिथं प्रज्ञेशला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा चाचरत म्हणाला, आता तो त्या कामावर नाही, पण मजकूर भाषेच्या जाणकारांनी तपासलाय. "मॅडम, तुम्हीच गवंडीण लिहून दिलंत ना? त्यांनी शब्दकोशात बघितलं. गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको."

या अल्ला! करायला गेले एक आणि झालं भलतंच. सुताराची ती सुतारीण, माळ्याची ती माळीण, हे मला ठाऊक नव्हतं होय? शिकवते ती मास्तरीण चालते, पण भिंत बांधणारी गवंडीण म्हटली की आधी तिला नवरा चिकटवतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. फोन ठेवून वळले तर शकुमावशी माझ्याचकडं बघत होती. "म्या गवंडी लिव म्हणलं व्हतं," ती म्हणाली. एवढंच. थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

प्रतीक्षानं तोवर खोकं फोडलं होतं. भिंती त्याच, आयत्या फळ्या. सूचना ऐकल्याच नाहीत म्हणावं तर तसंही नाही. दोन नव्या बाहुल्या होत्या, आणि पाकिटावर लिहिलं होतं, 'आजींच्या सूचनेवरून खास तुमच्यासाठी!' एक मिशीवाला बाप्या, पिवळं हेल्मेट, हातात थापी. खाली नाव, गवंडीकाका. दुसरी गुलाबी साडीतली बाई, डोक्यावर घमेलं. तिला नावच नव्हतं.

प्रतीक्षानं काकाच्या हातातली थापी काढली आणि बाईच्या हातात बसवू लागली. बाईचा हात तोच, कपाच्या दांडीच्या मापाचा. थापी पडली. तिनं उचलून परत लावली. परत पडली. मग ती डोक्यावरचं घमेलं काढायला गेली. ते असं घट्ट बसवलेलं की नखं लावली, दात लावले, तरी निघेना. पोरीचा चेहरा लाल झाला.

"आज्जी," तिनं खालमानेनंच विचारलं, "तू खरंच गवंडी हाईस?"

मी मनात म्हणत होते, बोल गं बाई, हो म्हण, भुशीला नेऊन भिंती दाखव तिला. शकुमावशीनं नातीच्या दंडावरून हात फिरवला. सिमेंटचा पांढरा पट्टा उमटला. उद्या पोरगी शाळेत जाणार, कुणीतरी हसणार, ही पुन्हा कुणालातरी चावणार, हे तिला दिसत असणार. किंवा तिला आता दम उरला नसेल. मला नाही ठाऊक.

"न्हाई गं," ती म्हणाली. "बिगारी हाय मी. बाईस्नी सांग, तुमचंच बरूबर हुतं. आन् आता कुणाशी भांडू नगंस."

"खोटं बोलतेय ती!" मी ओरडले. "प्रतीक्षा, ऐक माझं. तुझी आजी..."

पोरगी उठली. तिनं दप्तर खांद्याला लावलं, आजीकडं न बघता.

"मेहरुनमावशी, तू नको सांगू आता," ती म्हणाली. "आज्जीनं सोताच सांगितलंय."